एकच पांढरा ठिपका

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. डीएनएच्या नकला करणाऱ्या एन्झाइमचं जनुक जिवाणूत घालण्यात त्या संशोधक विद्यार्थिनीची वर्षं गेली होती आणि शिष्यवृत्ती त्या महिन्यात संपत होती. काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या निळ्या ठिपक्यांत अखेर एकच पांढरा उगवला. जनुक त्यातच शिरलं होतं. तिने तो टूथपिकने खरवडला, टूथपिक बशीला टेकवली आणि नळी आणायला वळली. तेवढ्यात जेवून आलेल्या तिच्या मार्गदर्शक सरांनी सवयीने तीच दातांत घातली. "सर, माझं जनुक!" "अगं, मग आता थुंकू का?" "नको, इथे बुडवा!" सरांनी ती तिने पुढे केलेल्या नळीतल्या द्रवात बुडवली. त्यातल्या औषधाने टूथपिकवर आलेले तोंडातले जंतू मेले. त्या औषधाला न जुमानणारा तिचा जिवाणू तेवढा सकाळपर्यंत वाढला. ती विभागप्रमुख होऊन निवृत्त झाली. सर आता नाहीत. फ्रीझरमधल्या त्या नळीवर त्यांचं अक्षर अजून आहे: "चव पाहिली. उत्तम."