पाटकरबाईंना आठवलेलं भाषण

"सगळे मला हसले. उद्या राजीनामाच देते," हेमांगी समुपदेशक शिरीनताईंना म्हणाली. ग्रंथालयातल्या सहकारी पाटकरबाईंच्या निरोप समारंभात बोलताना ती तीनदा अडखळली होती.

"हा झाला तुझा अंदाज. पुरावा बघू या," असं म्हणत ताईंनी दुसऱ्याच्या आठवणी अनुभवायला देणाऱ्या यंत्राचा टोप तिच्या डोक्यावर चढवला. पाटकरबाईंनी आपणहून दिलेली त्या संध्याकाळची आठवण त्यांनी त्या यंत्रावर लावली.

त्या आठवणीत अडखळणं कुठेच नव्हतं. "पहिल्या दिवशी बाईंनी मला अर्धा डबा दिला, म्हणून मी पळून गेले नाही," एवढं हेमांगीच्या भाषणातलं एकच वाक्य होतं. ते ऐकताना बाईंना वाटलेली माया हेमांगीला स्वतःच्या मनात जाणवली.

टोप काढून तिने बाईंना फोन लावला. आपणहून तिने आजवर कुणालाच फोन केला नव्हता.

"बोल गं," पलीकडून बाई म्हणाल्या.

हेमांगी अडखळत बोलू लागली.