चौथं गाणं

"चौथं गाणं," टर्नर म्हणाला. "सगळ्यात चांगलं ते. त्यातली बासरी."

एवढंच वाक्य त्याने येताना रस्ताभर घोकलं होतं.

फोटोफ्रेमच्या दुकानामागच्या खोलीत चौघं बसली होती. दर रविवारी सकाळी ती इथे जमत आणि आठवडाभरात कोणता अल्बम ऐकला ते एकमेकांना सांगत. शिवाय एक अल्बम फिरता असे. ज्याची पाळी त्याने रेकॉर्ड घरी न्यायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, पुढच्या रविवारी त्यावर बोलायचं आणि ती पुढच्याच्या हाती द्यायची. नियम एकच होता. न ऐकता बोलायचं नाही. पूर्वी दातांचे एक डॉक्टर येत. त्यांनी एकदा थाप मारली, तर मास्तरांनी त्यांची खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली. डॉक्टर पुन्हा आले नाहीत.

टर्नरने अल्बम ऐकला नव्हता. बायको गेल्याला पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून त्याने काहीच ऐकलं नव्हतं. गाण्यातलं खरं कळायचं ते तिला. तो कारखान्यातला टर्नर, त्याचा जन्म लेथवर गेला. तो अकरा वर्षं नुसता तिच्या शेजारी येऊन बसायचा. आता ही खुर्ची गेली, तर तिचं नाव काढणारं कुणी उरत नव्हतं. मुलगी फोनवर जेवलात का एवढंच विचारायची आणि घाईने ठेवून द्यायची. इथे मात्र कुणीतरी सहज म्हणायचं, वहिनींनी या गाण्याला नाक मुरडलं असतं. तेवढं ऐकायला तो यायचा. त्यासाठीच आज तो खोटं बोलत होता.

"अगदी!" नर्सबाई म्हणाल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातला होता. "मलाही चौथंच आवडलं. दोनदा लावलं मी."

"बासरी कसली, सुरी आहे ती," मास्तर म्हणाले. "आरपार जाते."

टर्नरचा जीव भांड्यात पडला.

"मग लावूच या की आज," फ्रेमवाला म्हणाला.

खोलीत रेकॉर्ड लावायचं मशीन होतं, पण ते सहसा कुणी लावत नसे. गाणं चालू असताना मास्तरांना बोलायची खोड होती. फ्रेमवाल्याने कव्हर उचललं. जाड पुठ्ठ्याचं होतं. त्याने आत हात घातला आणि गाण्यांची छापील पुस्तिका बाहेर काढली. पुन्हा हात घातला. मग कव्हर उलटं धरून झटकलं.

आत रेकॉर्ड नव्हती.

"टर्नर," मास्तर म्हणाले, "रेकॉर्ड कुठाय?"

घरी राहिली म्हणता आलं असतं. शब्द ओठांवरही आले होते. पण त्याला एकदम सगळ्याचा कंटाळा आला. तो उठला आणि त्याने स्वतःच आपली खुर्ची भिंतीला नेऊन लावली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी कव्हर उघडलंच नाही. ती गेल्यापासून मी काही लावलेलं नाही. बासरीचं मागे छापलंय. ते वाचून बोललो."

कुणी रागावलं नाही. त्याला तेच विचित्र वाटलं. एरवी साध्या चुकीला धारेवर धरणारे मास्तर चष्मा पुसत बसले होते.

"तुमच्याकडे हे दिलं कुणी?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"नर्सबाईंनी."

नर्सबाई मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. "मलाही ठाऊक नाही, दादा," त्या म्हणाल्या. "मी ते टेबलावर ठेवलं आणि आठवडाभर रोज पुसलं. शेवटची पाळी वहिनींची होती ना. मला उघडवेना."

"मग दोनदा लावलं ते?" मास्तर ओरडले.

"तुमचं सांगा आधी! सुरी म्हणे!"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मीही मागचंच वाचलं," ते म्हणाले. "नीट वाचलं, एवढं तरी खरं."

मग तिघांनी फ्रेमवाल्याकडे पाहिलं. चौथ्या गाण्याचं कौतुक पहिल्यांदा त्यानेच केलं होतं.

"एकट्याने ऐकायचा धीर झाला नाही," तो म्हणाला. "वाटलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, तर आज तुमच्याबरोबर ऐकावं." त्याने कव्हर टेबलावर ठेवलं. "पण हे कव्हर मी तुमच्याच घरून उचललं होतं, दादा. वहिनी गेल्या, मी भेटायला आलो, तेव्हा. फेरी मोडू नये म्हणून. म्हणजे रेकॉर्ड तुमच्या घरातून बाहेर पडलीच नाही."

"मशीनवर असेल," टर्नर हळूच म्हणाला.

"मग झालं तर!" मास्तरांनी त्याची खुर्ची ओढून पुन्हा जागेवर आणली. "एवढी आपण चार माणसं, चौघंही खोटारडी. कोण कुणाला काढणार? चला, तुमच्याकडे जाऊ. आत्ताच. वहिनींची रेकॉर्ड सगळे मिळून ऐकू."

नर्सबाईंनी पर्स खांद्याला अडकवली. फ्रेमवाला दुकानाची किल्ली शोधू लागला. आठवडाभर टर्नर याच घटकेला घाबरत होता, आणि ती घटका तर त्याला सांभाळून घेऊन पुढे गेली होती. पण तो जागचा हलला नाही.

"काय झालं?" नर्सबाईंनी विचारलं. "अहो, त्यांनी लावलेलीच रेकॉर्ड आहे ना? आपण फक्त सुई ठेवायची."

"ती गेली त्या सकाळी तिने पहिली बाजू ऐकली," टर्नर म्हणाला. "ती संपल्यावर आतून हाक मारली. म्हणाली, अहो, बाजू बदला ना, मला उठवत नाहीये. मी म्हटलं, पेपर वाचून होऊ दे."