बसून

"ती जागा जरा आटोपती घ्या," वाद्यवृंदाचे संचालक काठी खाली घेत म्हणाले. "पाणघोडा अडतीस सेकंदांत घसरून पडतो. तुम्ही पन्नास घेताय."

"मी नाही घेत. लिहिणाऱ्याने घेतलेत," खर्जकाका म्हणाले.

तालमीच्या खोलीत व्हायोलिनवाल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. खर्जकाकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वाद्यवृंदात ते एकतीस वर्षं बसून वाजवत होते. बसून म्हणजे चार फुटी लाकडी नळा, खर्जात बोलणारा. "बसून काय वाजवता? उभ्याने जमत नाही का?" हे त्यांचा मेहुणा लग्नापासून विचारत आला होता, आणि काका दर वेळी तितकेच चिडत आले होते.

पण ही गोष्ट मेहुण्याच्या वर गेली होती. लेकीला पुरून आलेल्या एका बापाने ती चीज लिहिली होती. दोनशे वर्षांनी कुणा कार्टूनवाल्याने त्या सुरांवर झालर लावलेला पाणघोडा नाचवला. आणि आता तो सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा, त्याखाली बसून साठ माणसांनी संगीत वाजवायचं, असा हा खेळ होता. जाहिरातीवर पाणघोडा हत्तीएवढा आणि वाद्यवृंदाचं नाव मुंगीएवढं. तिन्ही खेळांची तिकिटं संपलेली.

वादकांची पाठ पडद्याकडे. चित्र दिसायचं फक्त संचालकांना, समोरच्या छोट्या पडद्यावर. काकांना ऐकू यायचं ते एवढंच, की त्यांनी एकट्याने फुंकायला सुरुवात केली की दुसऱ्या ओळीला अख्खं सभागृह खिदळतं.

रविवारी सकाळी सहा वर्षांची नात घरभर तेच करत होती. "बुप्, बुप्, बुप्, धप्प!" म्हणत ती सोफ्यावरून खाली पडायची.

"हिला आवरा कुणीतरी," काका ओरडले.

"हसू दे की," काकू म्हणाल्या. "निदान लोक येतात तरी तुम्हाला ऐकायला."

"मला? पाणघोड्याला येतात! मी त्याचा भोंगा आहे, भोंगा!"

"मग आज काय, रुसून घरी बसणार?"

"जाणार. आणि आज लिहिलंय तसं वाजवणार. पाणघोडा पडो नाहीतर तरंगो."

चारचा शेवटचा खेळ. पाचव्या रांगेत काकू आणि नात बसल्या होत्या. काकांची जागा आली. त्यांनी डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला आणि पहिला सूर लावला. अगदी संथ, हवा तेवढा वेळ घेऊन.

पहिली ओळ संपली. दुसरी आली. आता हशा.

हशा आला नाही.

बसली चपराक, काका मनात म्हणाले. त्यांनी एक डोळा किलकिला केला. संचालकांची काठी खाली होती. छोट्या पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते टक लावून काकांकडे बघत होते. संतापलेत. संतापू देत! काकांनी डोळे पुन्हा गच्च मिटले आणि लय आणखी उतरवली. चेलोवाले मुकाट त्यांच्या मागून आले. शेवटचा सूर त्यांनी श्वास संपेपर्यंत धरला. तो विझला तेव्हा कुठेतरी खुर्ची करकरली तेवढीच.

बऱ्याच वेळाने काठी वर गेली आणि पुढची धडाकेबाज चीज सुरू झाली. तिच्या मधल्या विसाव्यात शेजारची ओबोवाली, म्हणजे विलायती सनईवाली, त्यांच्याकडे झुकली. "काका, मगाशी काय झालं ते तुम्हाला कळलं का?"

"सगळं कळलं. तू तुझं वाजव."

खेळ संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांनी सरळ काकांकडे बोट केलं आणि उठायची खूण केली.

चारचौघांत उभं करतोय मला, काकांना वाटलं. गुन्हेगार दाखवतोय. त्यांनी हाताची घडी घातली.

संचालकांनी पुन्हा खूण केली. लोक उभे राहिले होते, कुणी शिट्ट्या वाजवत होतं. टाळ्या पाणघोड्याला आणि वाकायचं मी? काका जागचे हलले नाहीत. ओबोवालीने त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी झटकला. तिसऱ्यांदा खूण करून संचालकांनी नाद सोडला.

मागच्या खोलीत काका बसूनचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत होते. संचालक आत आले. डोळे लालबुंद. "काका, आज तुम्ही जे केलंत ना..."

"एक शब्द बोलू नका!" काकांनी पेटीचं झाकण आपटलं. "उद्यापासून मी येत नाही. अडतीस सेकंदांत पडणारा दुसरा कुणीतरी शोधा."

"अहो, पण माझं ऐकून तरी..."

"एकतीस वर्षं ऐकलं."

काका ताठ मानेने बाहेर पडले. कितीतरी वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं. पाणघोड्याच्या तोंडचं हसू त्यांनी एका फुंकरीत पळवलं होतं.

पायऱ्यांवर काकू उभ्या होत्या. नाक रुमालात खुपसलेलं. बाजूला नात गाल फुगवून.

"काय गं चिमणे," काका तिच्यासमोर वाकले. "आज नाही हसलीस ना?"

"कशाला हसू? पाणघोडा आलाच नाही."

"आलाच नाही म्हणजे?"

"तू वाजवायला लागलास आणि पडदा एकदम काळा झाला. तुझं संपल्यावर सिनेमा परत लागला." तिने त्यांच्या कोटाची बाही ओढली. "शेवटी सगळे तुझ्यासाठी उभे राहिले होते, आजोबा. तूच का नाही उठलास?"