दोऱ्याचं रीळ

"काढा हो ते मढं! मंगळवारी शाळेची पोरं येणार," मत्स्यालयाचे नवे साहेब मोठ्या टाकीच्या काचेवर टिचकी मारत म्हणाले.

मढं म्हणजे छत्री. सगळे तिला छत्रीच म्हणायचे. मऊ पोवळं ते, समुद्राच्या तळाशी खडकाला धरून राहणारं. ताटाएवढं डोकं, त्यावर हजारभर बारीक बोटं पाण्यात डुलायची. आता आठ दिवस झाले, बोटं आत ओढून बसलं होतं. अंगावर मेणचट साय.

"मेलं नाही साहेब, कात टाकतंय," टाकीवाला म्हणाला. लिंबाएवढं होतं तेव्हापासून, चौदा वर्षं त्यानंच वाढवलेलं.

"मला शिकवू नका. कापा, बादलीत भरा, विषय संपवा."

टाकीवाल्यानं बाह्या वर सारल्या. मग खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि पातं चालवलं. कचाकच वीस तुकडे.

तिकीट खिडकीवर त्याची बायको बसायची. ती धावत आली. "पोटच्या पोरासारखं वाढवलंत, आणि हात नाही थरथरला?"

"हुकूम तो हुकूम," म्हणत हा बादली घेऊन मागच्या खोलीत गेला. वर शीळ घालत! तिनं अबोला धरला. आठवडाभरात एकदाच तोंड उघडलं, "माझं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ कुठंय?"

"उंदरानं नेलं असेल."

साहेबांनी टाकीत लालभडक प्लास्टिकचं पोवळं बसवलं. पोरांनी काचेला नाकं लावली. "हे हलत का नाही?" दोन महिने जो येईल तो तेच विचारी. साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

शेवटी ते टाकीवाल्याकडे आले. "तसलं दुसरं मिळेल का हो?"

"एकच पाहिजे?"

त्यानं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. दिव्याखाली जुनी टाकी, टाकीत वीस दगड. प्रत्येकावर बटणाएवढी छत्री, बोटं हलवत.

"समुद्रात लाट याचे तुकडे करते साहेब. तुकडा जिथं धरेल तिथं नवा संसार मांडतो. इथं लाट नव्हती, तुम्ही होतात."

साहेब आधी लाजले, मग पोट धरून हसले.

बायकोही आली. "मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून."

तिनं वाकून टाकीत पाहिलं. एकूणएक छत्री दगडाला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली.

"उंदीर गाठी मात्र झकास मारतो हो," ती म्हणाली.