खडूची रेघ

चेक देशातल्या मोराविया भागातल्या त्या विमान कारखान्यात एक जुनी चाल होती. पंखाची ताकद तपासायच्या दिवशी, तो जिथे मोडेल असं वाटतं तिथे ज्याने त्याने खडूने रेघ मारायची आणि खाली नाव टाकायचं. ज्याची रेघ खरी ठरेल त्याला घरी गाळलेल्या आलुबुखाराच्या दारूची बाटली.

छोट्या मालवाहू विमानाचा तो पंख ओतमार हानाकने अकरा वर्षं खपून आखला होता. त्याने खडूला हातही लावला नाही.

"माझा पंख मोडणारच नाही."

"प्रत्येक बाप असंच म्हणतो, साहेब," फोरमन ल्युबोर हसला.

पंख खरंच मोडला नाही. त्याला वाकवणारी यंत्रंच थकली आणि बाटली कपाटात गेली.

पंधरा दिवसांनी वरून हुकूम आला: प्रकल्प बंद, सगळं भंगारात. भंगारवाल्याच्या करवतीची चार पाती तुटली, पंखाला नुसते ओरखडे. शेवटी ल्युबोरने हानाकला घरून बोलावून घेतलं.

"भंगारवाला तीन दिवस नुसता कुरतडतोय हो पंखाला. बघवत नाही. कुठे कापला की सुटेल, ते एकट्या तुम्हालाच ठाऊक."

हानाक बराच वेळ पंखावरून हात फिरवत राहिला. मग त्याने खडू मागितला आणि एक रेघ मारली. करवत एकदाच फिरली. पंखाचे दोन तुकडे झाले.

 

ल्युबोरने कपाटातली बाटली आणून त्याच्या हातात ठेवली. "जिंकलात, साहेब! रेघेखाली नाव टाकायचं तेवढं राहिलं."