तळव्याचं माप

"बिलकीसताई, हात द्या तुमचा. माप तुमच्याच तळव्याने घ्यायचं असतं," रेखा सिस्टर म्हणाली. बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा शंभरावा भाग. माणूस लहान असो की थोर, हा हिशेब चुकत नाही.

बिलकीसची मान आणि डावा दंड भाजला होता. ओमानमधल्या खाबुऱ्याच्या त्या छोट्या दवाखान्यात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टर नसायचे, ते फोनवर आकडा ऐकायला थांबले होते. दहा तळव्यांच्या वर गेलं तर तिला ताबडतोब मस्कतला हलवायचं होतं.

तिचा नवरा सादिक भिंतीला टेकून उभा होता. हात पाठीमागे, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. एसीतही घामाने निथळत होता.

"भाऊ, जरा उशी सरकवा हिची."

तो जागचा हलला नाही. "तुम्हीच करा, सिस्टर. आधी हिला बघा. यल्ला, लवकर."

त्याच्या खिशात फोन वाजत राहिला. तोही त्याने काढला नाही.

रेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको कळवळतेय आणि हा मेला खांबासारखा उभा!

"कसं झालं हे?"

"ओढणी पेटली, गॅसवर."

"विझवली कुणी?"

बिलकीसने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हळूच नकारार्थी मान हलवली.

"मीच," ती म्हणाली.

पण तिचा एक तळवा रेखाच्या हातात होता, दुसरा समोर चादरीवर उताणा. दोहोंवर साधा चटकाही नव्हता. बाई खोटं बोलत होती, तेही नवऱ्याच्या धाकाने. असले नवरे रेखाने रत्नागिरीच्या इस्पितळात कमी पाहिले नव्हते. तिला बिलकीसची फार दया आली. पोलिसांना कळवायचंच, तिने ठरवलं.

माप सातावर थांबलं. "जिवाला धोका नाही," डॉक्टर फोनवर म्हणाले. सादिकने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"तुम्ही बाहेर व्हा," रेखा त्याच्यावर करवादली. "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"खलास, झालं. जातो."

बिलकीसला रडू फुटलं. "सिस्टर, आता ह्यांना बघा ना! 'तुझं होईस्तोवर माझं बोलायचं नाय', अशी शपथ घातली मला."

सादिक दार ढकलायला वळला, तेही खांद्याने. त्याची पाठ पहिल्यांदाच रेखाकडे झाली, आणि मागे धरलेले दोन्ही हात तिला दिसले. माप पेशंटच्याच तळव्याने घ्यायचं असतं, आणि सादिककडे मोजायला तळवाच उरला नव्हता.