नमुना

काचेच्या पेटीत ठेवलेला तो नवा स्नीकर चांगलाच बेढब होता. अंगठ्यापाशी भलंमोठं टेंगूळ, त्यावर वेडीवाकडी चीर आणि घोट्याला बँडेजसारखा पट्टा. तरी आलेले पाहुणे त्याच्यापुढून हलायला तयार नव्हते.

"हा आकार बनवलात तरी कसा?" एका पत्रकार मुलीने डिझायनरला विचारलं.

"आईच्या जुन्या बुटावरून! टेंगळासाठी साचा वेगळा केला. चीर मात्र प्रत्येक बुटाला हातानेच पाडतो." त्याने कौतुकाने आईला पुढे ओढलं. ती लंगडत आली.

"मावशी, केवढा अभिमान वाटत असेल ना?"

आईने खांद्यावरचा मुलाचा हात झटकून टाकला.

"डोंबलाचा अभिमान! अंगठ्याचं हाड वाढलंय माझं. बुटात पाय जाईना, म्हणून बूटच कात्रीने कापला मी. घोट्याला आधार हवा म्हणून पट्टा शिवला. हा रोज माझ्या पायाशी बसून मापं घ्यायचा, फोटो काढायचा. मला वाटलं, दिसलं एकदाचं पोराला माझं दुखणं. आज नाही तर उद्या डॉक्टरकडे नेईल."